सरखेल कान्होजी आंग्रे : एका दर्यावर्दीचं घर

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी नौदलातले अनुभव लिहून द्या, असा संपादक मंडळाचा दोन महिन्यांपासून तगादा सुरू होता. सोसायटीतली लहान मुलं मला नेव्हीवाले काका म्हणतात, त्यामुळे माझ्याजवळ समुद्राच्या गोष्टींचा मोठा साठा असणार असा सगळ्यांचा समज आहे. खरं सांगायचं तर माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीतला बराचसा काळ जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला, आणि तिथून समुद्र दिसत नाही. तेव्हा स्वतःबद्दल लिहिण्यापेक्षा, ज्यांच्या नावाच्या तळावर मी अडीच वर्षं काढली त्या माणसाबद्दल लिहितो.

मुंबईत आयएनएस आंग्रे नावाचा नौदलाचा तळ आहे. नाव जहाजासारखं असलं तरी तो जमिनीवरच आहे. नौदलात किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखंच नाव देतात. इंग्रजांच्या काळात त्याचं नाव डलहौसी होतं, 1951 साली ते बदलून आंग्रे झालं. गंमत अशी की ईस्ट इंडिया कंपनीचा जुना मुंबईचा किल्ला, ज्याला बॉम्बे कॅसल म्हणत, त्याचे उरलेसुरले अवशेष याच तळाच्या आवारात आहेत. कान्होजींना कसं संपवायचं याचे बेत कंपनीच्या ज्या किल्ल्यात शिजले, तिथे आज कान्होजींचा पुतळा उभा आहे. वणीतून गेलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. शाळेत शिवाजी महाराजांच्या आरमारावर चार ओळी वाचल्या होत्या, तेवढंच. एका वरिष्ठ साहेबांनी एकदा पुतळ्यासमोर उभं करून विचारलं की हे कोण, आणि महाराष्ट्रातला असूनही मला धड सांगता आलं नाही. ती लाज वाटली म्हणून वाचायला लागलो.

आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. मावळातल्या अंगारवाडीवरून आंग्रे हे नाव पडलं. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. सुवर्णदुर्ग म्हणजे हर्णैजवळचा पाण्यातला किल्ला. कान्होजींचा जन्म 1669 चा. लहानपणी हर्णैच्या एका जोशांच्या घरी राहून ते गुरं राखत आणि तिथेच चार अक्षरं शिकले, असं परंपरेने सांगतात. ते काही असो, पोरगा किल्ल्याच्या पायऱ्यांवर आणि कोळ्यांच्या होड्यांत वाढला हे नक्की. भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागली नसेल.

1689 साल मराठी राज्याला फार वाईट गेलं. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड मोगलांच्या हाती गेला, राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी एकेक ठाणं घेत सुटला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते आतून सिद्दीला फितूर झाला होता असं म्हणतात. तरुण कान्होजींनी किल्ल्यावरच्या लोकांना आपल्या बाजूला वळवून त्याला कैद केलं आणि किल्ला स्वतःच्या ताब्यात घेतला. पुढे सिद्दीच्या वेढ्यात ते बाहेर पडून लढताना पकडले गेले, निसटले आणि पोहत परत किल्ल्यात आले, अशीही हकीकत आहे. यात सांगोवांगी किती आणि खरं किती ते इतिहासकार जाणोत. पण वर राजा जवळ नाही, पगार येत नाही, कुमक येत नाही, अशा वेळी विशीतल्या एका पोराने समुद्रातला किल्ला सांभाळला, ही गोष्ट खरी आहे. 1698 मध्ये आरमाराचे प्रमुख सिदोजी गुजर वारले आणि कान्होजी सरखेल झाले. सरखेल म्हणजे आजच्या भाषेत नौसेनाप्रमुख. वय होतं एकोणतीस.

त्यांनी आपलं मुख्य ठाणं केलं कुलाबा किल्ल्यात, म्हणजे अलिबागसमोर. मुंबईतला कुलाबा वेगळा, हे आपल्याकडच्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण मीही एकदा फसलो होतो. हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांनी पुरा केला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला चारी बाजूंनी पाणी. म्हणजे किल्ल्याचा दरवाजा दिवसातून दोनदा समुद्रच उघडतो आणि समुद्रच लावतो. शिवाय मुंबई बंदरात शिरणारं-निघणारं जहाज तिथून फार लांब नाही. शत्रूच्या उंबरठ्यासमोर खाट टाकून बसावं तशी ही जागा होती.

आरमार म्हटलं की आपल्यापुढे सिनेमातली मोठमोठी शिडाची जहाजं येतात. कान्होजींचं आरमार तसं नव्हतं. त्यांच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची लढाऊ जहाजं होती, गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोंडाशी निमुळती, आणि पुढच्या टोकाला समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान आणि हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. कंपनीची जहाजं उंच, जड, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेली. समोरासमोर बाजू लावून लढलं तर आपला चुरा व्हायचा. म्हणून आंग्र्यांचे लोक वारा पडायची वाट बघत. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागच्या जागी खिळतं. मग वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोर बांधून ओढत आणत आणि शत्रूच्या मागच्या बाजूला, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी, तिथे नेऊन उभ्या करत. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, मग गलबतांतून तलवार घेऊन वर चढायचं. आणि पळायची वेळ आली तर उथळ खाडीत शिरायचं. मोठं जहाज मागे येऊच शकत नाही. इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचताना फार मजा येते, कारण यात इंजिन म्हणजे माणसांचे दंड आहेत. ते दंड कोळी, भंडारी, खारवी यांचे होते. तोफांवर काही फिरंगी लोकही ठेवलेले होते. जो कामाचा तो आपला, असा हिशोब दिसतो.

इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. अजूनही काही पुस्तकांत तसंच छापलेलं असतं. भांडण होतं दस्तकाचं. दस्तक म्हणजे समुद्रातून जाण्याचा परवाना. किनारा आमचा, पाणी आमचं, तर इथून व्यापारी जहाज न्यायचं असेल तर पैसे भरून आमचा परवाना घ्या, नाहीतर जहाज धरू, असं कान्होजींचं म्हणणं. कंपनी आणि पोर्तुगीज स्वतः दुसऱ्यांना असेच परवाने विकत होते. पण आपण दुसऱ्याचा परवाना घ्यायचा हे त्यांना मंजूर नव्हतं. मुंबईच्या गव्हर्नरांनी लुटारूपणाचा आरोप केला तेव्हा कान्होजींनी उलट पत्र लिहून कळवलं की जोरजबरदस्ती तुमच्याही व्यापारात आहेच, मग आम्हालाच का नावं ठेवता. आपल्या कोळसा खाणीकडच्या नाक्यावर रॉयल्टीची पावती मागतात तेव्हा मला हमखास हे आठवतं.

तरी सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. 1712 च्या नोव्हेंबरात आंग्र्यांच्या जहाजांनी मुंबईच्या गव्हर्नरांची सशस्त्र नौका धरली. कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख थॉमस चाउन त्या लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कॅथरिन कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी भरल्यावर फेब्रुवारी 1713 मध्ये तिला सोडलं. परत आली तेव्हा तिच्या अंगावर धड कपडे नव्हते, असं इंग्रजांकडच्या लिखाणात आहे. त्या काळची ती रीतच होती हे मान्य. पण विधवा झालेल्या पोरीला तीन महिने अडकवून ठेवण्यात मला मोठेपणा दिसत नाही, आणि थोरामोठ्यांवर लिहिताना अशा गोष्टी गाळायच्या हे मला पटत नाही.

त्याच सुमाराला घरातली एक मोठी लढाई मात्र लढाई न करता मिटली. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्याचे दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच पकडून लोहगडावर ठेवलं. मग शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं आणि कान्होजींकडे धाडलं. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे तेही कोकणातलेच. दोघांनी बसून बोलणी केली. 1714 च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजींनी बहिरोपंतांना सोडलं, शाहूंना राजा मानलं, आणि शाहूंनी त्यांची सरखेली व दहा मोठे आणि सोळा लहान किल्ले त्यांच्याकडेच कायम केले. दोन्ही बाजूंनी थोडंथोडं सोडलं. पुढची पंधरा वर्षं कान्होजींना पाठीमागे डोंगराकडे बघावं लागलं नाही, फक्त समुद्राकडे बघायचं होतं.

आणि समुद्राकडून सगळे आले. चार्ल्स बून नावाचे गव्हर्नर मुंबईत आले. त्यांनी मुंबईभोवती तट बांधून घेतला, नवी लढाऊ जहाजं बांधली. 1717 मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. 1718 मध्ये खांदेरीवर केला, तोही फसला. 1720 मध्ये तोफांचा एक तरंगता मोर्चाच तयार करून पुन्हा विजयदुर्गावर नेला, काही उपयोग झाला नाही. मग 1721 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. या वेळी कंपनीच्या जोडीला खुद्द इंग्लंडच्या राजाच्या नौदलाची चार जहाजं होती, कमोडोर थॉमस मॅथ्यूज यांच्या हाताखाली. इकडून बाजीराव पेशवे फौज घेऊन मदतीला आले. 1714 चा तह इथे कामाला आला. पोर्तुगीजांनी पुढच्याच महिन्यात मराठ्यांशी वेगळा तह करून काढता पाय घेतला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले. 1724 मध्ये डचांनी विजयदुर्गावर प्रयत्न करून पाहिला. त्यांचंही तेच झालं.

एवढं सगळं बाहेर चालू असताना घरी काय होतं, हे मला नेहमी शोधावंसं वाटतं. नौदलातल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. माझी दोन्ही मुलं लहान असताना मी घरी पाहुण्यासारखा यायचो. थोरला तर एकदा मला पाहून आजीच्या मागे लपला होता. सौभाग्यवतींनी दवाखाने, शाळा, गॅसचा नंबर, सासूबाईंचं आजारपण सगळं एकटीनं निभावलं. सोसायटीत फ्लॅट बुक केला तोही तिनेच धावपळ करून. मी फक्त सही केली.

कान्होजींच्या घरी तीन बायका, सहा मुलगे आणि एक मुलगी लाडूबाई. मथुराबाईंचे सेखोजी आणि संभाजी. बाकीचे मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी हे इतर आयांचे. अलिबागला किनाऱ्यावर त्यांनी 1720 मध्ये हिराकोट बांधला. अलिबाग गाव त्यांच्यामुळेच वाढलं, तिथे त्यांचा चांदीचा रुपयाही चालायचा. जुन्या काळी पावसाळ्यात आरमार बंदच असे. जूनमध्ये जहाजं ओढून किनाऱ्यावर घ्यायची, तेल-डांबर लावायचं, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची. म्हणजे वर्षातले अडीच-तीन महिने तरी सरखेल घरी असणार. मुलं त्याच पावसाळ्यांत वाढली असतील असं मी मनाशी धरतो. त्यांनी सहाही मुलांना दर्याचं काम शिकवलं. सगळे तयार निघाले. एकही नालायक निघाला नाही, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच झाला.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले. साठ वर्षांचं आयुष्य, त्यातली एकतीस वर्षं सरखेली. तारीख पाहा, ऐन पावसाळा. सगळी जहाजं किनाऱ्यावर होती असणार.

थोरले सेखोजी सरखेल झाले. माणूस समजूतदार होता. चार वर्षं त्यांनी भावांना धरून ठेवलं. 1733 च्या ऑगस्टमध्ये तेही वारले, आणि मग जे सुरू झालं ते वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. संभाजी सरखेल झाले, मानाजीचं आणि त्यांचं जमेना. मानाजीने चक्क पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा किल्ला घेतला. तेच पोर्तुगीज, जे बारा वर्षांपूर्वी बापाच्या किल्ल्यावर तोफा घेऊन आले होते. किल्ल्यात येसाजी आणि धोंडजी होते. मानाजीने त्यांना धरलं आणि येसाजीचे डोळे काढले. सख्खा नसला तरी भाऊच. 1735 मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली. उत्तरेकडे कुलाब्याला मानाजी, दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाला संभाजी. एका आरमाराची दोन झाली. दोन्ही आरमारं एकमेकांवर नजर ठेवण्यात गुंतली.

इथे आपल्या वणीच्या लोकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. याच काळात, म्हणजे 1730 च्या सुमाराला, आणखी एक कान्होजी आपल्या भागात होते. कान्होजी भोसले, सेनासाहेबसुभा. त्यांचं ठाणं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं भाम. त्यांचं आणि पुतण्या रघुजींचं बिनसलं. शाहूंच्या हुकमाने रघुजी चालून आले, काका भामहून निघाले आणि आपल्या वणीजवळच्या मंदर गावापाशी गाठले गेले. तिथे लढाई होऊन ते कैद झाले, आणि उरलेलं आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेलं. रघुजींनी पुढे नागपूरचं राज्य उभं केलं. मंदरला आपण कितीदा जातो, कुणाचं लग्न, कुणाचं शेत. तिथे काका-पुतण्याची लढाई झाली होती हे मला नौदलातून परत आल्यावर, कोकणातल्या दुसऱ्या कान्होजींबद्दल वाचता वाचता कळलं.

आंग्र्यांकडे शेवट व्हायला आणखी वीस वर्षं लागली. संभाजींच्या मागे विजयदुर्गाला तुळाजी आले. समुद्रावर सगळ्या भावांत हाच बापाच्या तोडीचा होता असं मला वाटतं. पण बापाकडे जी एक गोष्ट होती, बसून बोलण्याची, ती याच्याकडे नव्हती. पेशव्यांशी बिघडलं, शेजाऱ्यांशी बिघडलं, भावाशी तर आधीपासूनच. 1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी करार केला. ज्या घराण्याच्या मदतीला बाजीराव धावून आले होते, त्याच घराण्यावर त्यांचा मुलगा इंग्रजांना सोबत घेऊन गेला. चूक कोणाची यावर इतिहासकारांत अजून वाद आहेत. मला दोघांचीही वाटते. कमोडोर जेम्स यांनी सुवर्णदुर्ग घेतला. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. आंग्र्यांची जहाजं बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेली होती. त्यांत पूर्वी इंग्रजांकडून जिंकून आणलेलं रेस्टोरेशन नावाचं जहाज होतं. त्यावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि एकाला एक बांधलेली सगळी जहाजं जळाली. कान्होजींच्या आयुष्यभरात इंग्रज, पोर्तुगीज, डच यांना जे जमलं नाही ते एका दुपारी झालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारले. कुलाब्याची आंग्र्यांची गादी पुढे 1840 पर्यंत कशीबशी टिकली. पण समुद्रावर त्यांचा परवाना कोणी मागत नव्हतं.

आमच्या घरी जमिनीची वाटणी झाली तेव्हा मी बोटीवर होतो. तार आली, रजा मिळाली नाही, आणि परत आलो तोवर धुऱ्यावरून दोन भावांत बोलणं बंद झालेलं होतं. बांधावरचं एक मोहाचं झाड कोणाचं, एवढंच कारण. मी थोरला. तिथे असतो तर मिटलं असतं की नाही, सांगता येत नाही. आंग्र्यांच्या भावांचं वाचताना दर वेळी ते झाड डोळ्यांपुढे येतं.

निवृत्तीनंतर मी दोनदा अलिबागला जाऊन आलो. कान्होजींची समाधी गावातच आहे, शोधावी लागत नाही. कुलाब्याला जायचं असेल तर आधी तिथल्या कोळ्यांना ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, घड्याळावर भरवसा ठेवू नये, कारण वेळ रोज पुढे सरकते. आत गोड्या पाण्याचं तळं आहे आणि गणपतीचं सुंदर देऊळ आहे. ते कान्होजींच्या नंतरचं, राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं. तटावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की हवा स्वच्छ असेल तर खांदेरी दिसते. त्या बेटालाही आता कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं आहे.

दुसऱ्या खेपेला धाकट्या भावाला सोबत नेलं होतं. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. किल्ल्यात फिरताना तो फारसं बोलला नाही. परत फिरायला आम्हाला थोडा उशीर झाला, पाणी घोट्याच्या वर आलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन आम्ही दोघं म्हातारे घाईघाईनं किनाऱ्याकडे निघालो, तेव्हा मधल्या भावालाही आणायला हवं होतं, असं तोच आधी म्हणाला.